नावडतीच्या कहाणीला हुंकार

आमच्या घरी कहाणीला हुंकार द्यायचं काम माझ्याकडे होतं. हे काम म्हणजे काय ते आता समजावून सांगावं लागतं, म्हणून सांगते. श्रावणी सोमवारी दिवसभर उपास करायचा. दिवेलागणीला महादेवाची पूजा आटोपली की आळीतल्या बायकांनी मुठीत तांदळाचे चार दाणे धरून बसायचं, एकीने कहाणी सांगायची आणि एकीने प्रत्येक वाक्यामागे ‘हूं’ म्हणायचं. हुंकार आला की सांगणारी पुढचं वाक्य उचलणार, नाही आला तर थांबणार. कहाणी अर्ध्यावर सोडून कुणी उठायचं नाही, आणि ती संपून दाणे देवापुढे पडेपर्यंत पानं वाढायची नाहीत. अर्धवट राहिलेली कहाणी घराला बाधते, असं आईचं ठाम मत होतं. कशी बाधते ते मी तिला पुष्कळदा विचारलं, पण तिने कधी धड सांगितलं नाही. मोठ्या बायका उपासाने पेंगायच्या, त्यांचा हुंकार चुकायचा, म्हणून हे काम घरातल्या पोरीकडे आलं. सात वर्षांची असल्यापासून मी ते करत होते आणि त्याचा मला भारी तोरा होता. शाळेत मला कुणी साधा फळा पुसायलाही बोलावत नसे, पण इथे दहा-अकरा बायका माझ्या एका ‘हूं’साठी खोळंबून असत.

सांगायची ती माझी आत्या, बाबांची धाकटी बहीण कुमुद. बाबा पुसदच्या तहसील कचेरीत कारकून होते. आमचं भाड्याचं घर म्हणजे बाहेरची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर आणि मागे परसात एक टिनाची खोली. टिनाच्या खोलीत सरपण, गोवऱ्या, पाटा-वरवंटा, उन्हाळ्यात केलेल्या कुरड्या-सरगुंड्यांचे डबे, आणि आत्या. तिचं नाव मी मुद्दामच शेवटी लिहिलं, कारण घरातही तिचा नंबर तिथेच लागे. पावसाळ्यात टिनावर एवढा आवाज व्हायचा की आतलं बोलणं ऐकू येत नसे. आत्या म्हणायची की म्हणूनच तिला ती खोली बरी वाटते, मोठ्याने धडे वाचले तरी कुणाला कळत नाही. तिचं लग्न राळेगावकडच्या एका खेड्यात झालं होतं. तीन वर्षांत मूलबाळ झालं नाही, नवऱ्याने दुसरी बायको आणली, आणि एके दिवशी आत्या पत्र्याची पेटी घेऊन आमच्याकडे आली. तेव्हा मी नुकती बोलायला लागले होते. घरात ‘टाकली’ हा शब्द कुणी वापरत नसे. “तिकडे जरा जमलं नाही,” असं बाबा पाहुण्यांना सांगत, जणू भाजीत मीठ थोडं जास्त पडलं होतं.

आई वाईट बाई नव्हती. आत्याला तिने कधी टाकून बोलल्याचं मला आठवत नाही. पण घरात नवी चादर आली की जुनी टिनाच्या खोलीत जायची, करपलेली भाकर नेमकी आत्याच्या ताटात पडायची, आणि आत्या ती इतक्या सहज घ्यायची की हे कुणी ठरवलं आहे की आपोआप होतं, ते समजायचं नाही. हळदीकुंकवाला तिला कुंकू लागे, पण ओटी भरायची वेळ आली की बायका ताट घेऊन पुढच्या बाईकडे सरकत. श्रावणात मात्र हीच आत्या मधल्या खोलीत पाटावर, देवाच्या अगदी शेजारी बसायची, कारण तिच्यासारखी कहाणी आळीत कुणाला सांगता येत नव्हती. आवाज खालचा, पण शेवटच्या बाईपर्यंत पोचणारा. घाई नाही. माझ्या हुंकाराची वाट पाहताना ती माझ्याकडे बघायची आणि हुंकार आला की किंचित मान हलवायची. वर्षभरात घरातल्या कुठल्याच गोष्टीवर तिची इतकी सत्ता नसायची.

कहाणी आमच्या घरातली होती, पोथीतली नव्हती. एका राजाला दोन राण्या, एक आवडती आणि एक नावडती. का नावडती, ते कहाणी सांगत नाही. राजाने नावडतीला गावाबाहेर वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, झोपडी बांधून दिली, नेसायला जाडंभरडं आणि खायला ज्वारीच्या कण्या. एका सोमवारी एक म्हातारा जंगम दाराशी आला. तिने आपल्या वाटच्या कण्या त्याला वाढल्या आणि स्वतः पाणी पिऊन राहिली. म्हाताऱ्याने जाताना तिच्या ओंजळीत मूठभर सरकी टाकली. तिने ती धुऱ्यालगत पेरली. बोंडं फुटली तेव्हा आत कापूस नव्हता, मोती होते. वेचावे तेवढे मोती, आज वेचले की उद्या पुन्हा. ही वार्ता राजाच्या कानी गेली. राजा घोड्यावर बसून आला, झोपडीच्या दाराशी उभा राहिला आणि म्हणाला, चल घरी. राणी उठली आणि त्याच्या मागे निघाली. आवडतीने तिचे पाय ऊन पाण्याने धुतले, राजाने तिला मांडीवर बसवलं, आणि जसं तिचं भलं झालं तसं ऐकणाऱ्या सगळ्यांचं होवो, असं म्हणून दाणे देवापुढे टाकायचे. राजा दाराशी आला की बायका हमखास सुस्कारा सोडत. दोघी-तिघी डोळे पुसत. मीही पुसायची, कारण पुसायचे असतात असं मला वाटे.

या कहाणीवर पहिला आक्षेप घेतला तो सुगंधाने. ती माझ्या वर्गात, माझ्याच बाकावर बसायची. तिचे वडील जिनात कापूस तोलायच्या कामावर होते. त्यांनी दीक्षा घेतल्यावर तिच्या आईने घरातले देव एका फडक्यात बांधून पूस नदीत सोडून दिले होते. घरातली अडगळ काढल्याचं सांगावं तसं सुगंधा हे सांगायची. त्यांच्याकडे आता सोमवार नव्हते, उपास नव्हते, कहाण्याही नव्हत्या. एकदा मधल्या सुट्टीत मी तिला आमची कहाणी ऐकवली, हुंकार कसा द्यायचा तेही शिकवलं. ती छान हुंकार देत होती. राजा दाराशी आला, चल घरी म्हणाला, आणि ही गप्प.

“म्हण न हूं,” मी म्हटलं.

“थे गेली काहून त्याच्या संगं?”

“राजा न्यायला आला न.”

“आला त आला. तिच्यापाशी मोत्याचं वावर होतं न. आता राजा कायले पायजे तिले?”

कहाणीत असंच आहे, एवढंच मला सुचलं. “मंग तुमची कहाणी येडी हाय,” असं म्हणून तिने फडकं सोडलं आणि भाकर आणि अंबाडीची भाजी खायला लागली. मला तिचा इतका राग आला की दोन दिवस मी बाकावर मध्ये दप्तर ठेवून बसले. आज लिहिताना दुसरीच गोष्ट बोचते. सुगंधाला आमच्याकडे कहाणीला कधी कुणी बोलावलं नाही. ती आली तर अंगणापर्यंत यायची आणि तिथूनच हाक मारायची. पुढची पंचवीस-तीस वर्षं मी कहाण्यांतल्या बायकांवर व्याख्यानं दिली, पण ज्या मुलीने मला पहिला प्रश्न दिला तिला आमचं घर आतून कधी दिसलं नाही, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं.

सुगंधाचा प्रश्न मी आत्याकडे नेला. ती सुपात तांदूळ निवडत होती. ऐकून हसली आणि म्हणाली, “कहाणी आहे ती बेबी, गणिताचा पेपर नव्हे.” पण चार दिवसांनी, मी टिनाच्या खोलीत तिच्याजवळ अभ्यासाला बसले असताना, तिने पुस्तकातून मान वर न करता विचारलं, “काय म्हणाली होती गं ती तुझी मैत्रीण? पुन्हा सांग.” मी सांगितलं. “मोत्याचं वावर,” असं ती स्वतःशीच म्हणाली आणि पान उलटलं. ते पुस्तक माझं नव्हतं, तिचंच होतं. माझ्या पहिली-दुसरीपासून आत्या माझी पुस्तकं माझ्यामागोमाग वाचत आली होती. पुढे तिने मला मागे टाकलं आणि घरी बसून सातवीची परीक्षा दिली. निकाल लागला त्या दिवशी आईने शिरा केला, पण कशाबद्दल ते शेजारी सांगितलं नाही. मग आत्याने यवतमाळला मास्तरणींच्या ट्रेनिंगचा अर्ज केला. बाबांनी त्यावर सही केली ती नंबर लागणार नाही या भरवशावर. श्रावण लागता लागता पत्र आलं की नंबर लागला आहे, पोळा झाल्यावर हजर व्हावे, राहण्याची सोय वसतिगृहात आहे. आत्याने ते पत्र पेटीत ठेवलं. दिवसातून एकदा तरी पेटीचं झाकण वाजायचं आणि मला कळायचं की ती पत्र काढून वाचते आहे. सुगंधा म्हणाली ते वावर हेच, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

मध्यंतरी नागपूरला एका चर्चासत्रात मला मुद्दाम बोलावून पहिल्या रांगेत बसवलं होतं. मानसशास्त्राचे एक गृहस्थ अशाच एका कहाणीबद्दल बोलले. आवडती आणि नावडती या दोन बायका नाहीत, एकाच बाईच्या मनाच्या दोन बाजू आहेत, झोपडी म्हणजे मनाचा अंधारा कोपरा, राजा म्हणजे मनात घर करून बसलेला बाप. त्यानंतर एक तरुण बाई बोलल्या. या कहाण्या म्हणजे बायकांनी सोसत राहावं म्हणून पुरुषांनी चालवलेला कारखाना आहे, असं त्यांचं म्हणणं. दोघांचंही मला पटत होतं आणि दोघांचाही संताप येत होता. मनाचा अंधारा कोपरा म्हणे. आमच्याकडे तो कोपरा परसात होता, त्याला टिनाचं छप्पर होतं आणि तिथे आम्ही गोवऱ्या ठेवायचो. आणि तो कारखाना आमच्या आळीत चालवायला एकही पुरुष हजर नसायचा. सांगणारी बाई, ऐकणाऱ्या बायका आणि हुंकार देणारी मी. हे मी उभं राहून बोलावं असं वाटलं, पण अध्यक्षांनी चहाची वेळ झाल्याचं सांगितलं. घरी आले आणि हे लिहायला बसले.

तर पत्र आल्यावर दुसऱ्या आठवड्यात एक कार्ड आलं. ते आत्याच्या नवऱ्याचं. बाबांनी मधल्या खोलीत उभ्याने वाचून दाखवलं. दुसरी बायको बाळंतपणात वारली, मुलगा तीन वर्षांचा आहे आणि मुलगी चार महिन्यांची. लेकरांचे हाल होत आहेत. झालं गेलं विसरावं, श्रावण सरायच्या आत कुमुदला न्यायला येतो. बाबांनी कार्ड देवाजवळ ठेवलं. आई पदराने डोळे पुसत म्हणाली, “पाहा कुमुदताई, देवानं ऐकलं. इतक्या वर्षांचे सोमवार फुकट नाही गेले.” आत्या चुलीपाशी बसली होती. तिने फुंकणी खाली ठेवली.

“दादा, मग यवतमाळचं?”

“आता कशाला यवतमाळ?” बाबा म्हणाले. “आता तुझं घर आहे न तुला.”

मग इतकी वर्षं हे काय होतं, असं मला विचारायचं होतं, पण बाबांना तसं विचारायची आमच्यात पद्धत नव्हती. आईला विचारलं, आत्याला जायचं आहे का ते कुणी विचारलं का. आई पीठ मळत होती. म्हणाली, “त्यात काय विचारायचं? नवरा न्यायला येऊन राहिला.” आळीतल्या बायका एकामागून एक आल्या आणि सगळ्यांनी तेच सांगितलं, नावडती आवडती झाली. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद खरा होता, हे मला अजून सहन होत नाही. ज्या बायका वर्षानुवर्षं ओटी भरताना तिला वगळून पुढे सरकल्या त्या आता तिच्या हाताला हात लावून जात होत्या, आपल्यालाही गुण यावा म्हणून. आत्याचा राजा कहाणीतून उठून कार्ड टाकून मोकळा झाला होता आणि कुणालाही त्यात खोट दिसत नव्हती.

आत्या लुगड्यांच्या घड्या घालून पेटी भरायला लागली तेव्हा मी दारात उभी राहिले. ती म्हणाली, “बेबी, आता मी सावत्र आई होणार. कहाणीतल्या सावत्र आया कशा असतात, तुला माहीत आहे न?” मी म्हटलं, जाऊ नको. ती म्हणाली, ते लेकरू चार महिन्यांचं आहे. मी म्हटलं, ते तुझं नाही. “म्हणून काय झालं,” असं म्हणत तिने घडीवरून हात फिरवला. मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं. ती रडली असती, चिडली असती, पेटी फेकून दिली असती तर मला काहीतरी करता आलं असतं. तिने यवतमाळचं पत्र काढून बाबांच्या टेबलावर ठेवलं, कारण त्याला उत्तर पाठवणं भाग होतं.

शेवटच्या सोमवारच्या आदल्या दिवशी आतोबा आले. दोन मोटारी बदलून, पोतडीत तुरीची डाळ आणि एक हिरवं लुगडं घेऊन. माझ्या मनात मिशावाला, तांबड्या डोळ्यांचा कुणी माणूस तयार होता. आला तो वाळकासा, खांद्यावर उपरणं, टाचांना भेगा पडलेला, कुणाच्या डोळ्यांत न बघणारा. बाहेरच्या खोलीत बाजेवर बसून तो बाबांना म्हणाला, “मले लेकराईचं पाहवत नाई हो. लहानी त रातभर रडते.” मग तंबाखूची चंची काढून तिच्याकडेच पाहत बसला. त्याचा राग यावा म्हणून मी खूप प्रयत्न केला. तो राक्षस असता तर माझं काम सोपं झालं असतं. मंगळवारी सकाळच्या मोटारीने निघायचं ठरलं.

माझा बेत मी सुगंधाला सोडून कुणालाही सांगितला नव्हता. कहाणी अर्धवट राहिली तर घराला बाधते, हे आईचंच म्हणणं. मग जिच्या तोंडची कहाणी अर्धवट आहे ती बाई घराबाहेर पाऊल कसं टाकेल? आई तिला जाऊ देणार नाही. निदान पुढच्या सोमवारपर्यंत नाही. तोवर श्रावण संपेल, पोळा येईल, यवतमाळला हजर व्हायचा दिवस येईल. बारा वर्षांच्या डोक्याला हा बेत बिनचूक वाटत होता. सुगंधाने ऐकून एवढंच विचारलं, “अन् तुयी आत्या काय म्हणते?” मी म्हटलं, तिला सांगायचं नाही, ती भोळी आहे. म्हणजे मीही तिला विचारलं नव्हतंच.

सोमवारी सकाळपासून घरात पुरणाचा वास कोंडला होता. शेवटचा सोमवार आणि सासरी जाणारी लेक, म्हणून आईने हात सैल सोडला होता. पुरणपोळी, कढी, भरड्याचे वडे, अळूची भाजी. दिवेलागणीला बायका आल्या, मधल्या खोलीत दाटीवाटीने बसल्या. दार उघडं होतं आणि बाहेरच्या खोलीत बाबा आणि आतोबा बाजेवर बसले होते. आत्या हिरवं लुगडं नेसून पाटावर बसली. तिला ते जरा आखूड होतं. तिने कहाणी सुरू केली आणि मी हुंकार देऊ लागले. झोपडी, हूं. कण्या, हूं. जंगम, हूं. बोंडं फुटली तेव्हा तिचा आवाज नेहमीपेक्षा जास्त लागला, एकेक मोती हातात घेऊन दाखवावा तसं ती सांगत होती. राजा घोड्यावरून उतरला. हूं. झोपडीच्या दाराशी उभा राहिला. हूं. राजा म्हणाला, चल घरी.

मी दात आवळून गप्प बसले.

आत्याने माझ्याकडे पाहिलं. आधी तिला वाटलं असावं की माझं लक्ष नाही. तिने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, राजा म्हणाला, चल घरी. मी तिच्या डोळ्यांत बघत तशीच बसून राहिले. आईने पाठीमागून चिमटा काढला. कुणी म्हणालं, पोरीला झोप लागली का. कुणी म्हणालं, झोप कुठली, डोळे टक्क उघडे आहेत. “म्हण न गं बेबी, काहून अशी करून राहिली?” शेजारच्या काकू म्हणाल्या. त्यांनी स्वतः हुंकार द्यायला तोंड उघडलं तर आईनेच त्यांना अडवलं. सुरुवातीपासून जिने दिला तिनेच द्यायचा, मध्ये बदल चालत नाही, असं ती म्हणाली. मी मनात आईचे आभार मानले. आत्या मात्र रागावत नव्हती. मूठ मांडीवर ठेवून ती माझ्याकडे नुसती बघत होती आणि मला खात्रीने वाटत होतं की आम्ही दोघी एका बाजूला आहोत. टिनावर पावसाचे बारीक थेंब वाजत होते. कुणाचं तरी लेकरू भुकेने किरकिर करायला लागलं. चुलीवरची कढी उतू गेल्याचा आवाज आला आणि कुणी उठलं नाही, कारण उठायचं नसतं. आयुष्यात नंतर पुष्कळ सभांत मी पुष्कळ बोलले, पण मी काही करू शकते असं त्या वेळेइतकं मला कधी वाटलं नाही.

आणि मग बाहेरच्या खोलीतून आवाज आला, “हूं.”

जाड, कंटाळलेला, तंबाखूच्या गुळणीतून आलेला तो आवाज आतोबांचा होता. खोळंबा का झाला आहे ते त्यांना कळत होतं आणि तो संपवावा एवढाच त्यांचा हेतू होता. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीने दबकत विचारलं, पुरुषाचा हुंकार चालतो का. आई क्षणाचाही वेळ न घेता म्हणाली, “चालतो. घरधनी आहेत ते.” घटकेपूर्वी जो बदल बाईच्या तोंडून चालत नव्हता तो पुरुषाच्या तोंडून चालला. मी आत्याकडे पाहिलं. तिने एकदा मुठीकडे पाहिलं, एकदा बायकांकडे, आणि सांगू लागली. राणी उठली, त्याच्या मागे निघाली, पाय धुतले, मांडीवर बसवलं, सगळं एका दमात, कुणाच्याही हुंकाराची वाट न बघता, पाढे म्हणावेत तसं. दाणे देवापुढे पडले. बायका पटापटा उठल्या आणि पानं मांडायला लागल्या.

आत्या गेली ती तिकडचीच झाली. दोन्ही लेकरं तिने वाढवली, ती तिला आईच म्हणत आणि ती गेल्यावर पोटच्या पोरांसारखी रडली. नवऱ्याने तिला पुन्हा त्रास दिला नाही, सुख दिलं असंही नाही. त्या खेड्यात शाळा होती, एकच मास्तर, वर्षातले निम्मे दिवस बंद. आत्या त्या शाळेवरून रोज पाण्याला जायची. बाबांनी यवतमाळला कळवलं की उमेदवार घरगुती कारणामुळे हजर राहू शकत नाही. बाबांचं अक्षर फार सुरेख होतं, कचेरीत नावाजलेलं. ते पत्र टपालपेटीत टाकायला मलाच पाठवलं आणि मी ते टाकलं. पुढे मी शिकले, कॉलेजात शिकवू लागले, कहाण्यांवर लिहिलं. आपल्या हातात दुसरी कहाणी असायला हवी, असं मी मुलींना सांगत आले. मुली वहीत लिहून घ्यायच्या आणि परीक्षा झाली की लग्नाच्या पत्रिका आणून द्यायच्या. मला त्यांचा राग येई, त्यांच्या आयांचा येई, आणि त्या सगळ्यांच्या मागे हिरवं आखूड लुगडं नेसलेल्या आत्याचा येई, की तिने ‘राणी उठली, त्याच्या मागे निघाली’ ही दोन वाक्यं गिळून टाकायला काय हरकत होती.

हे मी तिला विचारलंही होतं. मंगळवारी सकाळी मोटारस्टँडवर बाबा आणि आतोबा पेटी टपावर चढवून घेत होते. आत्या खिडकीशी बसली होती आणि मी खाली उभी होते. रात्रभर साठवलेलं मी एकदम बोलून टाकलं.

“तू काहून सांगितलं पुढचं? मी थांबले होते न. तू पण थांबायचं होतं.”

आत्याने गजांतून हात बाहेर काढून माझी वेणी नीट केली.

“किती वेळ थांबणार होतो गं आपण? सगळ्या सकाळपासून उपाशी होत्या. तुझी आई त नुसत्या पाण्यावर होती.”

“राहिल्या असत्या उपाशी.”

“तू राहिली असती?”

“हो,” मी म्हटलं. “मी राहिले असते.”

तिने माझ्या गालावरून हात फिरवला आणि मोटार निघाली. आदल्या दिवशीच्या पंगतीत मला तिनेच वाढलं होतं, आणि तिसरी पुरणपोळी मी मागून घेतली होती.